कंगव्याची खूण

पेंढ्याचा वास आला की मला परीक्षा आठवते. इतरांना आंबा आठवत असेल, मला दहावीचा पेपर आठवतो. रत्नागिरीत हे दोन्ही एकाच वेळी येतात, त्यामुळे माझ्या डोक्यात त्यांची कायमची गल्लत झालेली आहे. यंदाही पेपर चालू होता, मी वर्गाच्या मागच्या दाराशी उभी होते, आणि शाळेसमोरून पेंढ्याने शिगोशीग भरलेला टेम्पो गेला. वाऱ्याबरोबर चार काड्या खिडकीतून आत आल्या. एक काडी एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर पडली. तिने ती उचलून आधी हुंगली, मग कंपासपेटीत ठेवली आणि पुढचा प्रश्न लिहायला घेतला.

मी हायस्कुलात विशेष शिक्षिका आहे. ज्यांना कमी ऐकू येतं, कमी दिसतं, किंवा जी मुलं सावकाश शिकतात, ती माझी मुलं. परीक्षा आली की कुणाला लेखनिक शोधायचा, कुणासाठी जादा वेळ मागायचा, यात माझा फेब्रुवारी-मार्च जातो. मुलं पास होतात, पेढे देतात, फोटो काढतो. आणि मग पुढच्या जूनमध्ये बाजारात त्यातलं कुणीतरी आईचा पदर धरून उभं असलेलं दिसतं. मी विचारते, काय करतोस आता? ते हसतं. आई म्हणते, घरीच असतो. हे ‘घरीच’ ऐकून ऐकून माझे कान किटले होते. त्यातूनच तीन वर्षांपूर्वी मी मानसीला घेऊन आंब्याच्या पॅकिंगमध्ये घुसले.

मानसी तेव्हा अठरा पूर्ण झालेली, दहावीला दुसऱ्यांदा बसलेली. पूर्णगडची. वडील मुंबईला नोकरीला, गणपतीत आणि शिमग्याला येणारे. घरी आई आणि ती. उंच, हाडापेराने मजबूत, केस नेहमी चापून बसवलेले. तिच्याकडे एक सरकारी दाखला होता आणि तिच्यात किती टक्के कमी आहे ते त्यावर लिहिलेलं होतं. मी तो दाखला अनेकदा हाताळला, झेरॉक्स काढल्या, अर्जांना जोडला. दर वेळी मला एकच कुतूहल वाटायचं की उरलेले टक्के कुठे असतात आणि दिवसभर काय करतात? ते कुणीच मोजलेले नव्हते. मीही नाही.

आमच्या शाळेत या मुलांना व्यवसाय शिकवतात. म्हणजे कागदी पिशव्या, पणत्या, राख्या. वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं, पालक आणि पाहुणे येतात, हळहळतात आणि दोन-दोन पिशव्या घेऊन जातात. माझ्या स्वतःच्या कपाटात अशा पंचवीस पिशव्या आहेत. त्यात मी काय ठेवलं म्हणाल, तर बाकीच्या पिशव्या. अख्ख्या रत्नागिरीत कागदी पिशव्या करायला पगारी माणूस कुणी ठेवत नाही, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. आणि मी शिक्षिका!

पूर्णगडच्या रस्त्यावर नंदूशेठची शेड आहे. शेठ म्हणजे तसा पस्तिशीचा पोरगाच, पण वडिलांनंतर बागा आणि शेड त्याच्याकडे आली म्हणून शेठ. बागेत नेपाळी गडी झाडांवर, शेडमध्ये आठ-दहा बायका पॅकिंगला. मी त्याच्याकडे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “बाई, तुमी काय सोडणार नाय. आठ दिवस बघतो. जमलां तर हंगाम संपेपर्यंत ठेवीन. नाय जमलां तर रागवायचां नाय.” मी कबूल केलं. मानसीच्या आईने मात्र त्या आठ दिवसांचा धसकाच घेतला. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “बाई, तिथून तिला परत पाठवली ना, तर ती परत कुठंच जायची नाय. मी ओळखते तिला. आणि माझ्यामागं तिला घर खायला उठेल.” तिचे डोळे कोरडे होते. मला त्या कोरड्या डोळ्यांचीच भीती वाटली.

तयारी मी जोरात केली. येताना-जाताना एसटी कळावी म्हणून दोन महिने पाट्या वाचायचा सराव घेतला. ‘रत्नागिरी’ निळ्या अक्षरांत, ‘पूर्णगड’ लाल अक्षरांत, कार्डं करून दिली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी शेडजवळच्या स्टॉपवर लपून बघत राहिले. मानसीने कार्ड पिशवीतून काढलंच नाही. मिरकरवाड्याच्या बंदरातली मासळी वाटेत विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायका बसमध्ये कशा चढतात ते ती बघत होती. पिवळी टोपली चढली की ती चढली. मी नंतर विचारलं, एखाद्या दिवशी ती बाई आली नाही तर? मानसीने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. “मग दुसरी असते,” ती म्हणाली. खरंच होतं. मासळी विकून घरी जाणारी बाई त्या बसला रोज असतेच. उरलेल्या टक्क्यांपैकी निदान काही कुठे होते, ते मला त्या दिवशी कळलं.

शेडमध्ये सुलभाकाकींचं राज्य होतं. साठीच्या, बारीक, आवाज पहाडी. तीस-पस्तीस हंगाम पॅकिंगमध्ये काढलेल्या. त्यांनी मानसीला पहिल्यांदा पेंढा अंथरायला शिकवलं. मग आंबा धरायला, देठाला धक्का न लावता, कारण देठ तुटला की चीक उतरतो आणि साल काळी पडते. मग खूण करायला. या शेडची ती रीतच होती. प्रत्येकीने पेटी भरायच्या आधी खोक्याच्या बुडाला स्केचपेनने आपली खूण करायची. मुंबईहून, पुण्याहून तक्रार आली तर पेटी कुणी भरली ते कळलं पाहिजे. काकींची खूण चांदणी. कुणाची फुली, कुणाचा त्रिशूळ, कुणाचं नुसतं ‘ज’. मानसीला काकी म्हणाल्या, “काढ गो तुझी खूण.” मला वाटलं, ती ‘मा’ काढेल. आम्ही सहा वर्षं ‘मा’ गिरवला होता. तिने एक आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली ओळीने उभ्या रेघा.

“काय हां?” काकींनी विचारलं.

“कंगवा.”

कंगवाच का, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. मी दहा वेळा विचारलं असेल. ती खांदे उडवते. आता मी विचारणं सोडलंय, पण आठवलं की अजून डोकं खाजवते.

कामाला तिचा हात चांगला होता. अडचण दुसरीच होती, आणि ती मी तयार केलेली होती. पेटी भरून झाली की मानसी दोन्ही हात मांडीवर ठेवायची, मान वर करायची आणि थांबायची. कशासाठी थांबलीय ते शेडमध्ये कुणालाच कळेना. मला कळत होतं. शाळेत एक मणी ओवला तरी मी ‘शाब्बास’ म्हणते. सहा वर्षं, दिवसातून साठ-सत्तर वेळा. ती शाब्बासकीसाठी थांबलेली होती, आणि शेडमध्ये शाब्बास म्हणायला कुणाला उसंत नव्हती. म्हणून मी कोपऱ्यात क्रेटवर बसून हळूच म्हणायला लागले. पेटी झाली की शाब्बास, पेटी झाली की शाब्बास. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी माझ्याकडे वळल्या. “बाई, ह्या शाब्बासकीचा भाव काय चालू हाय? आमालाबी एक-दोन डझन घाला की!” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सरळ पडवीत बसवलं. “तुमी हिकडे. ती तिकडे. हिकडून काय तां बघा.”

पडवीतून मला बरंच दिसलं. मानसी पेटी भरून थांबायची, मान वर करायची, माझ्याकडे बघायची, मी भिंतीकडे बघायचे. फार जड गेलं मला ते. एकदा तर मी उठून विहिरीकडे गेले आणि पाणी प्यायचं निमित्त करून डोळे पुसले. चौथ्या दिवशी तिचं थांबणं आखूड झालं. नुसती मान वर आणि लगेच खाली. पाचव्या दिवशी ती काकींच्या गप्पांत हसताना मला दिसली, आणि हसता हसता तिचा हात पुढचं खोकं ओढत होता.

त्याच पडवीत काकींनी मला साका समजावला. हापूस बाहेरून अगदी निर्मळ असतो, वास घमघमीत, डाग नाही, आणि कापला की गाभ्याशी पांढरा, आंबट, पोकळ. त्याला साका म्हणतात. मी विचारलं, “काकी, इतक्या वर्षांनी तुम्हाला हातात घेतल्यावर कळत असेल ना?” काकी म्हणाल्या, “नाय. मला कळतां असां जो म्हणतो, तो खोटां बोलतो.” मी मुलांच्या मूल्यमापनाचे रकाने भरत आले आहे. ‘स्वतंत्रपणे काम करू शकत नाही.’ ‘सतत देखरेखीची गरज.’ सही, शिक्का. काकींचं वाक्य मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत होते, आणि ते मला अजून सुखाने बसू देत नाही.

त्या पाचव्या दिवशीच ती चूक झाली. संध्याकाळी गाडी भरायची घाई होती. मानसीसमोर दोन क्रेट आले होते, एक मोठ्या आंब्यांचा, एक लहान आंब्यांचा. मोठे मोठ्या पेटीत, लहान लहान पेटीत, एवढंच काम. मी पडवीतून उठून जाता जाता तिच्या पेटीत डोकावले आणि जागच्या जागी थांबले. किती सुंदर पेटी होती! मोठा, लहान, मोठा, लहान, पुढच्या ओळीत लहान, मोठा, लहान, मोठा. शाळेत आम्ही मण्यांची माळ अशीच करतो. तो सगळ्यात अवघड पाठ. मानसीला तो जमायला दीड वर्ष लागलं होतं, आणि जमला त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहा पाजला होता. आणि इथे तिने तो न सांगता आंब्यांत केला होता. पडवीचा नियम विसरून मी तिच्या कानाशी म्हणाले, “शाब्बास, मानसी.” तिचा चेहरा उजळला. तिने आणखी तीन पेट्या तशाच भरल्या. झाकणं लागली, गाडी गेली. मी घरी जाऊन आनंदाने पोटभर जेवले.

सातव्या दिवशी सकाळी मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. नंदूशेठने फोन स्पीकरवर टाकला नव्हता, तरी पलीकडचा आवाज पडवीपर्यंत येत होता. मोठ्या आंब्यांच्या भावात मध्ये मध्ये लहान आंबे भरलेत, गिऱ्हाईक मला लबाड म्हणालं, तुमच्या वडिलांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. आंब्याच्या धंद्यात याहून वाईट बोलणं नाही. मोठ्या आंब्यांत लहान दडवणं म्हणजे फसवणूक, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं, कारण मी आंब्यांत मणी बघत होते. शेठचा चेहरा लालबुंद झाला. त्याने विचारलं, “खूण काय?” आणि उत्तर ऐकून फोन खाली ठेवला.

“कंगवा,” तो म्हणाला.

सगळ्या बायकांचे हात थांबले. मानसीचाही. तिने मान वर केली.

शेठने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा लाल रंग उतरत गेला. तो पडवीत माझ्याजवळ आला आणि अगदी मऊ आवाजात, माझ्या घरी कुणी वारल्यासारखं म्हणाला, “बाई, मी तिला काय बोलू? चांगली पोर हाय. तुमीच समजवा. उद्यापासून... जाऊ द्या, तुमी समजून घ्या.” मला तो मऊ आवाज चांगला ओळखीचा होता. माझ्या मुलांना आजवर सगळीकडून याच आवाजात परत पाठवलं गेलं आहे. रागावून कुणी कधी काढलं नाही, अगदी प्रेमाने काढलं. डोळ्यांसमोर मानसीची आई आली.

तेवढ्यात आतून सुलभाकाकी उठल्या. हातातला पेंढा झटकत दारात आल्या. “शेठ, दोन सालांमागं माझ्या चांदणीच्या पेटीत डागी आंबा निघाला, तवा तुमी सगळ्यांदेखत माझ्या सात पिढ्या काढल्यात. आठवतां? मग हिच्यावर का वरडत नाय?”

“काकी, ती म्हणजे...”

“ती म्हणजे काय? पेटी तिनं भरली. खूण तिची हाय. वरडा! नाय वरडलात तर तिला कळणार कसां, काय चुकलां तां?”

शेठ गोंधळला. ओरडणं ही काय मागून घ्यायची गोष्ट आहे? पण काकी दारातून हलेनात. मग तो मानसीसमोर जाऊन उभा राहिला आणि सुरुवातीला वाचून दाखवल्यासारखा ओरडला. “मोठ्यात लहान कशाला घातलास?” दुसऱ्या वाक्याला त्याला लय सापडली, तिसऱ्या वाक्याला व्यापाऱ्याचं बोलणं आठवलं असावं, आणि मग तो असा तापला की शेडचे पत्रे थरथरले. धंद्याची अब्रू, वडिलांचं नाव, बाजारात तोंड दाखवायला जागा, सगळं निघालं. मानसीवर असं कुणी कधीच ओरडलं नव्हतं. घरी नाही, शाळेत नाही. तिची हनुवटी थरथरायला लागली. डोळे भरले. मी पुढे झाले, तर काकींनी माझा दंड धरला.

शेठ दम खायला थांबला. मानसीने बाहीने नाक पुसलं. मग समोरचा क्रेट बघितला, रिकामं खोकं बघितलं आणि विचारलं, “मग कसां लावू?”

सहा वर्षांत तिने मला एकदाही ‘कसं’ असं विचारलं नव्हतं. विचारायची वेळच मी येऊ दिली नव्हती. चुकायच्या आधीच माझा हात तिच्या हातावर असायचा. शेठ तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने एक मोठा आंबा तिच्या डाव्या हातात दिला. “हा हातात ठेव. दुसरा ह्याच्याएवढा असेल तर पेटीत. नसेल तर नाय. समजलां?” एवढंच. तिने डाव्या हातात तो आंबा धरून उजव्या हाताने पेटी भरली. कुठे थांबली नाही, मान वर केली नाही.

मग मी शेठला खरं सांगितलं. मोठा-लहान मीच शिकवलं होतं आणि पेटी बघून शाब्बासही मीच म्हणाले होते. तो नुकताच तापलेला असल्यामुळे माझ्यावरही ओरडला. “बाई, तुमी शिकलेल्या ना? आंबो कधी बघितलाव काय नाय?” मी खाली मान घालून ऐकलं. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर पूर्णगडपर्यंत गेले. आई दारातच होती. मानसीने चप्पल काढायच्या आधी सांगितलं, “आई, शेठ वरडला.” आईचा चेहरा पांढरा पडला. तिने माझ्याकडे बघितलं. मानसी पुढे म्हणाली, “माझ्यावर वरडला. मग बाईंवर वरडला. काकीवर पण वरडतो. उद्या मोठे आंबे हायत, लवकर जायचां हाय.” आणि ती हातपाय धुवायला मागच्या दारी गेली. आईने पदराने तोंड झाकलं, रडत होती की हसत होती ते मला दिसलं नाही. मग ती आत जाऊन डबा घासायला लागली.

आठवा दिवस आला आणि गेला, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

पेपर संपल्यावर परवा मी शेडवर गेले. उत्तरपत्रिकेवरची काडी हुंगणारी ती मुलगी आणि तिची आई बरोबर होत्या. मानसीचा हा चौथा हंगाम. पावसात ती आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात जाते, तिथेही ओरडणारे लोक आहेत, असं तिने मला समाधानाने सांगितलं. सुलभाकाकींचे गुडघे गेलेत, त्या आता पडवीत माझ्या जागेवर बसतात. मानसी नव्या मुलीला पेंढा अंथरून दाखवत होती. मी रिकामी बसून कंटाळले, म्हटलं आपणही एक पेटी भरावी. डाव्या हातात एक आंबा धरला आणि भरली. बरी भरली, असं मला वाटलं. सवयीने मान वर केली.

मानसीने माझ्या पेटीतला एक आंबा उचलला, माझ्या डाव्या हातातल्या आंब्याशी ताडून बघितला आणि परत ठेवला. मग तिने सगळे आंबे एकेक करून काढले, पेंढा बाजूला केला, खोकं उलटं केलं. बुड कोरं होतं. तिने खिशातून स्केचपेन काढून माझ्या हातात दिलं.

“खूण करा, बाई. उद्या फोन आला तर शेठ वरडणार कुणावर?”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर केलेली ‘बरोबर’ची खूण तेवढी मला येत होती. तीच केली. मानसीने ती नीट बघून घेतली, खोकं सुलटं केलं आणि पेंढा माझ्याकडे सरकवला.